गिटारच्या पोटातच सिंथ पिकअप बसवतोय, लाकडापासून सगळं घरी, सल्ले हवेत

सहातारी | ३ मे, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं डोक्यात घोळत होतं ते आता खरंच हातात घेतलंय, म्हणून हा धागा.

मी पुण्यात असतो, नोकरी सांभाळून ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. सध्याच्या गिटारला रोलँड कंपनीचा जीके-३ पिकअप (तारांची कंपनं टिपून सिग्नल देणारा भाग) बाहेरून चिकटवलाय आणि तो सेकंडहँड घेतलेल्या जीआर-५५ या सिंथला (गिटारच्या सुरावर बासरीसारखे दुसरे आवाज काढणारं यंत्र) जोडलाय. काम भागतं, पण त्याचा डबा गिटारच्या अंगावर बाहेरून बसलेला असतो, मनगट सारखं लागतं, आणि स्टेजवरच्या दिव्यांनी गरम होऊन दोन्हीकडून चिकटणारी टेप मऊ पडली की पिकअपची पट्टी केसभर सरकते. केसभर सरकली तरी सगळं बिघडतं. मागच्या महिन्यात बासरीचा तुकडा होता, मी धैवत वाजवला आणि सिंथनं वरच्या सप्तकातला सूर दिला. फार लागलं मनाला. घरी येताना गाडीवरच ठरवलं की आता असली गिटार करायची जिच्यात हे सगळं आत असेल आणि काहीही हलणार नाही.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साधा पिकअप सहाही तारांचा मिळून एकच सिग्नल देतो. सिंथ पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली स्वतःची चिमुकली कॉइल असते, सहा सिग्नल वेगवेगळे निघतात, मग सिंथ प्रत्येक तारेचा सूर ओळखतो आणि त्या सुरावर हवा तो आवाज चढवतो. रोलँडनं हे १९७७ मध्ये जीआर-५०० पासून आणलं, १९८० चा जीआर-३०० तर पॅट मेथेनीमुळे अजरामर झालाय, आजही तो आवाज ऐकला की ओळखू येतो.

मला हे कशासाठी हवंय, तर मींडेसाठी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी. साध्या कीबोर्डवर सूर सरकवायचं व्हील फिरवलं की दाबलेले सगळे सूर एकदम सरकतात. इथे सहा तारांना सहा मिडी चॅनल (मिडी म्हणजे सिंथला सूर कळवायची डिजिटल भाषा), एक तार ओढली की तिचाच सूर सरकतो, बाकीचे जागेवर. सूर सरकवायचा आकडा, पिच बेंड, १४ बिटचा असतो म्हणजे १६,३८४ पायऱ्या, रेंज वर-खाली बारा-बारा सेमीटोन (एक सेमीटोन म्हणजे लगतच्या दोन पडद्यांमधलं अंतर) ठेवली तरी एक पायरी साधारण ०.१५ सेंटची, म्हणजे सेमीटोनच्या शंभराव्या भागाहूनही लहान होते. कानाला कळणारच नाही इतकी बारीक. म्हणजे बोटानं जी मींड घेतली ती बासरीच्या आवाजात जशीच्या तशी निघू शकते, आणि हे मला दुसऱ्या कुठल्याच वाद्यात मिळत नाही.

ठरवलंय ते असं: बॉडी घरी करणार, मान तयार विकत घेणार, मेपलची, वर शिसवाची फिंगरबोर्ड, स्केल ६४८ मिलिमीटर. घोडी पक्की, ट्रेमोलो (घोडी हलवून सूर डुलवायची दांडी) नको. पिकअपसाठी रोलँडचं जीके-किट-जीटी३, म्हणजे जीके-३ चेच आतले भाग, गिटारमध्ये बसवायसाठी सुटे. लाकूड कुठलं घ्यावं यावर अडलोय. आणि कुणी पिएझोवालं (घोडीतली कंपनं टिपणारा पिकअप) केलंय का तेही सांगा.


लाकूडकाम | ४ मे, सकाळी ७:०५

छान विषय. लाकूड कुठलंही घ्या पण सुकलेलं घ्या. टिंबर मार्केटमध्ये "सुकलंय" म्हणून देतात आणि घरी आणून मीटर लावलं तर अठरा-वीस टक्के ओल निघते. तुम्हाला १० ते १२ च्या आत हवी. आत्ता मे आहे, आत्ताच फळ्या आणून हवेशीर जागी खाली पट्ट्या देऊन रचून ठेवा, पाऊस सुरू व्हायच्या आत सांधा चिकटवून घ्या. दोन तुकड्यांची बॉडी करत असाल तर सांध्याच्या कडा रंध्यानं मारून दिव्यासमोर धरा, मधून उजेड दिसला नाही पाहिजे. शिकंजे फार आवळू नका, सगळा गोंद बाहेर येतो.

आणि राउटर (खाचा कोरायचं यंत्र) थेट लाकडावर लावू नका हो. आधी एमडीएफचा साचा करा, पिकअपच्या खाचा, आतली पोकळी, मानेची खाच, सगळं आधी साच्यात. साचा चुकला तर शंभर रुपये गेले, बॉडी चुकली तर सगळंच गेलं.


तंबोरा | ४ मे, दुपारी २:४०

मी मिरजेचा, आमच्याकडे घरात सतार-तंबोऱ्याचंच काम. तुम्ही तून घ्या असं माझं स्पष्ट मत. सतारीच्या दांडीला आमच्याकडे तूनच वापरतात, हलकं, रेष सरळ, पटाशीला लोण्यासारखं, आणि मुख्य म्हणजे सुकल्यावर हलत नाही. महोगनीच्याच कुळातलं झाड आहे त्यामुळे गिटारला अगदीच परकं नाही. सागवान घेऊ नका, जड होतं आणि अंगात तेल असतं म्हणून चिकटवायला त्रास देतं.

जुनं तून हवं असेल तर सांगा, आमच्याकडे वर्षानुवर्षं रचून ठेवलेल्या फळ्या असतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हापासून बाहेरचे लोक चौकशीला येतात, पण गिटारसाठी मागणारे तुम्ही पहिलेच.


सहातारी | ४ मे, रात्री १०:१५

तंबोरा, मनापासून आभार. रविवारी येतोच मिरजेला. ५२० बाय ३५० आणि ४५ मिलिमीटर जाड एवढं निघायला हवं, दोन तुकड्यांत चालेल.


सोल्डर_गन | ५ मे, सकाळी ९:५०

इलेक्ट्रॉनिक्सचं मी बघतो, माझं रोजचं काम आहे.

मॅग्नेटिक की पिएझो. मॅग्नेटिकला, म्हणजे तुमच्या जीके किटला, स्टीलची तार लागते, नायलॉनवर चालणार नाही. पिएझो घोडीच्या आत बसतो, ग्राफटेकच्या घोस्ट सॅडल (सॅडल म्हणजे घोडीवरचा तार टेकायचा तुकडा) किंवा गोडिनच्या गिटारमध्ये येतात ते आरएमसीवाले. त्यांना नायलॉन चालतं, दिसायला काहीच वेगळं दिसत नाही, आणि वर अकूस्टिकसारखा आवाज फुकटात मिळतो. पण पिएझो म्हणजे लाकडातून जे जे जाईल ते सगळं ऐकतो. बॉडीवर हात आपटला तरी सिंथ वाजतो, एका तारेचा धक्का घोडीतून दुसऱ्या तारेच्या पिएझोला पोचतो. मींड घेताना तुमचं मनगट घोडीवर टेकतं का? टेकत असेल तर मॅग्नेटिकच घ्या.

गिटार सिंथला जिथून जोडायची त्या १३ पिनच्या जॅकची जोडणी लिहून ठेवा, नंतर शोधत बसू नका. १ ते ६ या पिना सहा तारांच्या, १ म्हणजे बारीक ई आणि ६ म्हणजे जाड ई. ७ वर साध्या पिकअपचा सिग्नल, ८ वर सिंथचा व्हॉल्यूम, १० आणि ११ वर दोन स्विच. १२ वर अधिक ७ व्होल्ट, १३ वर उणे ७. अर्थिंग जॅकच्या धातूच्या कवचातून. वीज सिंथकडूनच केबलमधून येते म्हणून गिटारमध्ये बॅटरी लागत नाही. १२ आणि १३ ची गल्लत झाली तर बोर्ड जळेल, मीटर लावून दोनदा बघा.

पोकळीला आतून तांब्याची चिकट पट्टी लावा, कडेकडेनं एकमेकांवर चढवून, आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्याशी कथिलाच्या एका थेंबानं जोडा. नुसत्या डिंकाच्या भरवशावर सोडलं तर सहा महिन्यांनी घरघर सुरू होते. पट्टी तपकीर गल्लीत मिळेल, नाही मिळाली तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला नक्की.


ट्रेमोलो | ६ मे, पहाटे ४:३०

न्यू जर्सीहून वाचतोय. एक विचारायचं होतं, १३ पिन कशाला? २०२३ मध्ये बॉसनं जीके-५ आणि जीएम-८०० आणला त्यात सगळं डिजिटल झालंय, जाड केबल नाही, बारीक टीआरएस केबल. आणि दुसरा मार्ग म्हणजे जॅम ओरिजिनचं मिडी गिटार नावाचं सॉफ्टवेअर, ते साध्या पिकअपवरून कॉर्डसुद्धा ओळखतं, खास पिकअपची गरजच नाही. मी घरी तेच वापरतो.


सहातारी | ६ मे, रात्री १०:४०

ट्रेमोलो, सॉफ्टवेअर मी वापरून बघितलंय, घरी रेकॉर्डिंगला खरंच उत्तम आहे. पण कार्यक्रमात लॅपटॉप न्यायचा, तो मध्येच अपडेट मागतो, ते मला नको. आणि एकाच सिग्नलमधून सहा तारा वेगळ्या करताना ओढलेली तार कुठली आणि न ओढलेली कुठली यात त्याचा गोंधळ होतो, निदान माझ्या मींडेला तरी झाला. डिजिटल घ्यायचं तर जीआर-५५ विकावा लागेल किंवा मध्ये कन्व्हर्टर लावावा लागेल. जीआर-५५ हाताखालचा झालाय, त्याचे आवाज मी वर्षभर बसून लावलेत. म्हणून १३ पिनच.


हवाइयन_६५ | ७ मे, संध्याकाळी ६:१०

तरुण मंडळींचं वाचून आनंद झाला. मी पंचेचाळीस वर्षं हवाइयन गिटार वाजवतो, मांडीवर ठेवून, सळई फिरवून. माझा प्रश्न असा की पडदेच नसतील तर हा सिंथ सूर ओळखेल का? का त्याला पडद्यांवरचेच सूर लागतात?


सोल्डर_गन | ७ मे, रात्री ८:००

काका, ओळखेल. त्याला पडद्यांचं काही माहीत नसतं, त्याला फक्त तारेची कंपनं दिसतात. सगळ्या सुरांना जवळच्या सेमीटोनवर ओढणारी एक सेटिंग असते, क्रोमॅटिक म्हणतात, ती बंद ठेवायची. तुम्हाला त्रास होईल तो सळईच्या खरखरीचा. ती तारेवरून घासत जाते तेव्हा सिंथ गोंधळतो. सळईच्या मागे डाव्या हाताची बोटं तारांवर टेकवून ठेवत असालच, ती सवय इथे फार कामाची आहे.


सहातारी | ११ मे, रात्री ११:५५

मिरजेहून आलो. तंबोरा यांनी दाखवलेली फळी बघितली आणि दुसरं काही बघावंसंच वाटलं नाही, लालसर, सरळ रेषेची, बोटानं वाजवली तर घंटेसारखी घुमते. मीटरवर ११ टक्के. त्यांच्या वडिलांनी तंबोऱ्याची जवारी (घोडीचा माथा घासून तारेला झणकार आणणं) लावून दाखवली, घोडीवर कानस दोनदा फिरली की सूर उघडायचा, परत एकदा फिरवली की मिटायचा. दोन तास नुसता बघत बसलो होतो.

आता एका गोष्टीवर मत हवंय. सिंथ पिकअपची पट्टी घोडीला खेटून लावावी लागते, सॅडलपासून २० मिलिमीटरच्या आत. तिथे तारेचा झोका सगळ्यात लहान असतो म्हणून, आणि वरच्या पडद्यावर तार कितीही ओढली तरी घोडीजवळ ती आपल्या कॉइलच्या डोक्यावरच राहते, शेजारणीच्या हद्दीत जात नाही. तयार गिटारमध्ये घोडीकडचा हंबकर (दोन कॉइलचा साधा पिकअप) इतका जवळ असतो की मध्ये जागाच राहत नाही. मी साच्यातच हंबकर ८ मिलिमीटर मानेकडे सरकवतोय. आवाज थोडा गोल होईल, चालेल मला. काही चुकत असेल तर आत्ताच सांगा.


लाकूडकाम | १२ मे, सकाळी ६:५०

चुकत नाहीये. सगळीच गिटार स्वतः करायचा खरा फायदा हाच. फक्त पट्टीची खाच आधीच फार खोल नेऊ नका. मान बसवा, घोडी बसवा, दोन तारा लावून उंची बघा, मग खोली ठरवा. लाकूड काढता येतं, परत घालता येत नाही.

तारांमधलं अंतर बघितलंत का? जुन्या फेंडर धर्तीच्या घोडीत १०.८ मिलिमीटर असतं, नव्या धर्तीच्या १०.५. तुमच्या पट्टीवरच्या कॉइल कुठल्याला जुळतात ते मोजून मगच घोडी मागवा.


सहातारी | १२ मे, दुपारी १:२०

१०.५ ची घेतलीय. कडेच्या दोन तारांत साडेबावन्न मिलिमीटर होतात, पट्टीवर ठेवून बघितलं, सहाही मधोमध येतात.


सहातारी | २९ जून, रात्री ११:३०

बरेच दिवस लिहिलं नाही, काम चालू होतं. बॉडी झाली, आतलं सगळं कोरून झाल्यावर दोन किलो शंभर ग्रॅम भरली. मागच्या बाजूला बोर्डासाठी पोकळी, तिच्यावर झाकण. बोर्डाकडून पट्टीकडे जाणारी रिबन केबल न्यायला घोडीखालून तिरकं भोक पाडलं, ते पाडताना लांब ड्रिल बिट दुसऱ्या बाजूनं बाहेर येईल या भीतीनं अर्धा दिवस मोजमापातच गेला. पिकअपची खाच शेवटी ३ मिलिमीटरच लागली.

एक वाईट बातमी. किट ऑनलाइन एका विक्रेत्याकडून घेतलं होतं, वापरलेलं नाही असं सांगून दिलेलं. जोडल्यावर दुसऱ्या तारेची कॉइल मुकी निघाली, आणि पट्टी उलटी करून बघितली तर आधी कुणीतरी चिकटवून काढल्याच्या खुणा होत्या. पैसे परत मिळाले पण पाच आठवडे गेले. दुसरं किट काल आलं, या वेळी बसवायच्या आधी सहाही कॉइलचा रेझिस्टन्स मोजून घेतला, सगळ्या सारख्या. कुणी मागवणार असाल तर पाकीट उघडल्याबरोबर आधी मोजा.

पॉलिशचं पण अडलंय. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून हातानं फ्रेंच पॉलिश करतोय, पण या हवेत पांढुरके ढग येतायत.


तंबोरा | ३० जून, दुपारी १२:१५

पावसात लाख अशीच करते. स्पिरिट उडताना हवेतली ओल धरून ठेवते. खोलीत दोन-तीन तास साठचा बल्ब लावून ठेवा, हात पातळ मारा, दोन हातांमध्ये निदान अर्धा दिवस जाऊ द्या. पांढरं आलंय त्यावर नुसत्या स्पिरिटचा ओलसर फडका हलकेच फिरवा, जाईल. आम्ही जुलैमध्ये पॉलिशची कामं शक्यतो घेतच नाही.


नवशिकी | २ ऑगस्ट, रात्री ९:०५

मी शांतपणे वाचत होते सगळं, आता राहवलं नाही. गिटार शिकून दोनच वर्षं झालीत. सिंथ पिकअपमध्ये सूर उशिरा येतो असं ऐकलंय, ते खरं का आणि किती उशिरा?


सोल्डर_गन | २ ऑगस्ट, रात्री १०:३०

खरं आहे, आणि त्याचं कारण साधं आहे. सूर ओळखायचा तर निदान एक-दोन कंपनं पूर्ण झालेली दिसायला हवीत. जाड ई ची तार सेकंदाला ८२.४ वेळा कंप पावते म्हणजे एका कंपनाला १२ मिलिसेकंद, दोन कंपनं धरली तर २४ मिलिसेकंद तिथेच गेले. हे कुठलंही मशीन घेतलं तरी चुकत नाही. बारीक ई ३२९.६ ची, तिला दोन कंपनांना ६ मिलिसेकंदच लागतात, तेवढं कळत नाही. म्हणून जाणकार लोक बेसचा तुकडा सुद्धा वरच्या तारांवर वाजवतात आणि सिंथमध्ये आवाज एक सप्तक खाली घेतात.

हे सगळं सूर ओळखून मिडी करणाऱ्या आवाजांना लागू. रोलँडनं १९९५ मध्ये व्हीजी-८ आणला त्यात सूर ओळखायची भानगडच नव्हती, तारेचा मूळ सिग्नलच घेऊन त्याला दुसऱ्या गिटारचं रूप द्यायचं, त्यामुळे तिथे हा उशीर नाही. जीआर-५५ मध्ये दोन्ही प्रकार आहेत.


सहातारी | १९ ऑगस्ट, रात्री १२:४०

गिटार पूर्ण झाली. दिसायला इतकी सुंदर झालीय की हातातून ठेववत नाही. अँपवर साधा आवाज स्वच्छ, गोल, भरीव.

पण सिंथवर चौथी तार वेडीवाकडी वागतेय. पाचव्या ते बाराव्या पडद्यापर्यंत कुठेही वाजवा, तीन-चार वेळा नीट येतो आणि मग एकदम वरच्या सप्तकात उडी. तिसरी तारही अधूनमधून तेच करते. बाकी चार तारा चोख. ज्या दुखण्यासाठी चार महिने राबलो तेच दुखणं परत समोर आलंय आणि आता तर टेपला दोष द्यायचीही सोय नाही. केबल बदलली. सेन्सिटिव्हिटी परत लावली, जोरात वाजवलं तरी मीटर भरायच्या जरा आधी थांबेल अशी. पट्टीची उंची तपासली, शेवटचा पडदा दाबून तार आणि पट्टीत १ मिलिमीटर. सिंथमध्ये स्केल आणि घोडीपासूनचं अंतर बरोबर भरलंय. अजून काय बघू?


सोल्डर_गन | २० ऑगस्ट, सकाळी ८:४५

तिसऱ्या आणि चौथ्या तारेच्या वायरी बोर्डावर अदलाबदल करा. दोष चॅनलमध्ये असेल तर तो चौथीवरून तिसऱ्या तारेवर जाईल. तारेतच असेल तर चौथीबरोबरच राहील.


सहातारी | २० ऑगस्ट, रात्री ११:१०

केलं. दोष चौथ्या तारेबरोबरच राहिला. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स निर्दोष. आता मात्र मला काहीच सुचत नाहीये. १३ पिनमधून एकेका तारेचा कच्चा सिग्नल बाहेर काढून रेकॉर्ड केलाय, चौथी आणि पाचवी दोन्ही ठेवतोय, कुणाला कान लावायला वेळ असेल तर कृपा करून ऐका.


तंबोरा | २१ ऑगस्ट, सकाळी १०:२०

ऐकलं, वडिलांनाही ऐकवलं. ते दुसऱ्या फटक्यालाच म्हणाले, "या तारेला जवारी लागलीय."

पाचव्या तारेचा सूर मिटलेला आहे, झणकार नाही, स्वच्छ. चौथीला मागून एक बारीक झणकार येतो, सूर मारल्यावर लगेच नाही, जरासा उशिरानं, आणि तो उघडत जातो. तंबोऱ्याला आम्ही दिवस घालवून जे आणतो तेच तुमच्या गिटारला न मागता आलंय. तार घोडीवर एका टोकावर टेकत नसणार, पसरून टेकत असणार. सॅडलची खाच बघा. पडदेही बघा, एखादा वर आला असेल तर तोही हेच करतो.

आणि अँपवर ऐकू येत नाही म्हणता ते बरोबरच आहे. तुमचा साधा पिकअप लांब आहे. हा सहा कॉइलवाला घोडीच्या तोंडाशीच बसलाय, त्याला सगळ्यात आधी जवारीच ऐकू येणार.


सोल्डर_गन | २१ ऑगस्ट, दुपारी १:००

वा, आता सगळं जुळलं. मी ती फाइल स्पेक्ट्रममध्ये उघडली. चौथ्या तारेचा मूळ सूर तिसऱ्या-चौथ्या दशांश सेकंदाला खाली बसतो आणि त्याची दुप्पट, तिप्पट कंपनं वर येतात. सिंथ जे जास्त मोठं दिसेल त्याला सूर समजतो, म्हणून सप्तक उडी मारतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा-वीणेच्या घोडीवर लिहिलं होतं ते हेच, तार वळणदार घोडीला परत परत टेकते आणि त्यातून जास्तीचे स्वर जन्मतात. तंबोरा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. मी अजून आठवडाभर बोर्डातच शोधत बसलो असतो.


सहातारी | २४ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

अगदी तसंच निघालं.

भिंग लावून बघितलं तर चौथ्या सॅडलची खाच सपाट होती, तार पुढच्या कडेवर न टेकता तीन मिलिमीटरभर नुसती आडवी पडलेली. तिसऱ्याची खाच तारेपेक्षा रुंद, तार आत डुलायची. दोन्ही सॅडल काढून बारीक कानशीनं मागच्या बाजूला उतार दिला, आता तार पुढच्या धारेवरूनच सुटते. तिसरा सॅडल बदललाच. छोटी लोखंडी पट्टी तीन-तीन पडद्यांवर ठेवून डुलवून बघितली तर चौदावा आणि पंधरावा पडदा कणभर वर आलेले, पावसात मान फुगली असणार. मार्करनं पडद्यांचे माथे रंगवले, सपाट कानस फिरवली, आणि नंतर माथे परत गोल केले, कारण सपाट माथ्यावर परत तीच जवारी. हे शेवटचं करायला दोन रात्री लागल्या आणि त्या दोन रात्रींत जे शिकलो ते मागच्या दहा वर्षांत शिकलो नव्हतो. आतापर्यंत सूर चुकला की मी सिंथला, बोर्डाला, केबलला दोष द्यायचो. तार जिथे टेकते तिथे कधी बघितलंच नाही.

काल चौथ्या तारेवर सलग वीस मिनिटं वाजवलं. एकही उडी नाही. बासरीच्या आवाजात धैवतावरून निषादावर हळूहळू सरकत गेलो आणि तो मधला सगळा प्रवास ऐकू आला. डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो.


नवशिकी | २४ ऑगस्ट, रात्री ९:४०

वाचताना अंगावर काटा आला. रेकॉर्डिंग टाका ना. आणि एक विचारायचं होतं, तार बदलली की हे सगळं परत लावावं लागतं का?


सहातारी | २५ ऑगस्ट, सकाळी ७:१५

रेकॉर्डिंग टाकतो, थोडा सराव करून. तारा नेहमी एकाच जाडीच्या लावायच्या, माझा संच १० ते ४६ चा (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) आहे. जाडी बदलली नाही तर उंचीला हात लावावा लागत नाही, फक्त सिंथमधली सेन्सिटिव्हिटी तारेतारेला परत बघायची, नव्या तारा जरा मोठ्या बोलतात. आणि मोकळ्या तारा आपोआप वाजू नयेत म्हणून पहिल्या पडद्यापाशी केसांचा मऊ रबर बँड गुंडाळता येतो, एकेक सूर वाजवताना त्यानं खूप फरक पडतो. मोकळ्या तारा वाजवायच्या असतील तेव्हा नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) मागे सरकवायचा.

फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्या) घेतलेली मापं लिहून ठेवतोय, कुणाला उपयोगी पडतील. शेवटचा पडदा दाबून, जाड तारेकडे १.१ मिलिमीटर, बारीककडे ०.९, मधल्या चारांना १. सॅडलपासून पट्टीच्या मध्यापर्यंत १४.


लाकूडकाम | २५ ऑगस्ट, सकाळी ८:०५

दिवाळीनंतर मान परत तपासा. हवा कोरडी झाली की ती उलटी जाईल, तेव्हा मानेच्या आतली सळई, ट्रस रॉड, पाव फेरी फिरवावी लागेल. पडद्यांना आता परत कानस लावू नका.


हवाइयन_६५ | २५ ऑगस्ट, रात्री ८:५०

शाब्बास रे. मी काल माझ्या गिटारची घोडी बघितली, तिथेही एका तारेची खाच पसरलीय, बरीच वर्षं तो झणकार माझ्या हाताचा दोष समजत होतो. घोडीपासून पिकअपपर्यंत जागा मोजून ठेवलीय, १७ मिलिमीटर आहे. तुझी पट्टी मावेल का तेवढ्यात? मी सदाशिव पेठेतच असतो.


सहातारी | २५ ऑगस्ट, रात्री ९:१०

मावेल काका. माझी जुनी चिकटवायची पट्टी आता रिकामीच आहे, तीच लावून बघू, टेपऐवजी स्क्रूवर. रविवारी सकाळी कानस आणि फीलर गेज घेऊन येतो, आधी ती खाच नीट करू.